गाडीच्या एसीचा आवाज: तो कोणामागून धावतो ते आधी बघा

गेल्या एप्रिलमध्ये माझी गाडी घरघरू लागली. डिचोली ते पणजी रोजचं जाणं-येणं, दुपारी गाडी उन्हात तापून निघालेली, एसीवाचून आत बसवत नाही अशी अवस्था. एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, अर्धा मिनिट कान दिला आणि निकाल सांगितला: कॉम्प्रेसर गेला, नवा बसवावा लागेल, २७ हजार. मी एक दिवस मागून घेतला आणि संध्याकाळी सांखळीच्या एका जुन्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. शेजारच्या सीटवर येऊन बसले, काचा वर करायला लावल्या आणि कोंकणीत म्हणाले, "आवाज कोणाफाटल्यान धांवता तें पयलीं पळय." आवाज कोणामागून धावतो ते आधी बघ.

मग त्यांनी मला एकेक गोष्ट चालू-बंद करायला लावली. पंधरा मिनिटांत कळलं की घरघर एसी बंद असतानाही येते आहे. बेल्ट उतरवून, तो ज्या चाकांवरून फिरतो त्या पुल्या त्यांनी एकेक करून हाताने फिरवल्या, त्यात कॉम्प्रेसरची पुली खरखरत होती. तिच्या आतलं बेअरिंग झिजलं होतं, कॉम्प्रेसर स्वतः धडधाकट होता. बेअरिंगसकट सगळं काम दोन हजारांत झालं. तोच कॉम्प्रेसर आजही चालतो आहे.

तेव्हापासून ही पद्धत मी घरच्या, शेजाऱ्यांच्या, ऑफिसातल्या बऱ्याच गाड्यांवर वापरली. तिला अवजार लागत नाही. अर्धा तास, एक शांत जागा आणि कान एवढं पुरतं. दुरुस्ती तुम्हीच करावी असं माझं म्हणणं नाही, पण गॅरेजमध्ये शिरताना आवाज कुठून येतो हे तुम्हाला ठाऊक असलं तर डॅशबोर्ड विनाकारण उघडला जात नाही.

आवाजाचे चार धनी

गाडीच्या एसीत फिरणाऱ्या, हलणाऱ्या वस्तू फार नसतात. बॉनेटखाली कॉम्प्रेसर असतो, त्याला इंजिन बेल्टने फिरवतं. तो गॅस दाबतो. दाबलेला तापलेला गॅस पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये जाऊन निवतो आणि द्रव होतो. तिथून तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असलेला आर-१३४ए हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांनाच उकळतो. कॉइलमध्ये दाब उतरला की तो उकळतो आणि उकळताना कॉइलमधली उष्णता ओढून घेतो. त्या थंड कॉइलवरून ब्लोअर हवा ढकलतो. ती हवा तोंडावर, पायांवर की काचेवर, गार की कोमट, आतली की बाहेरची, हे ठरवतात प्लास्टिकच्या झडपा.

म्हणून आवाजाला धनी चारच. एक ब्लोअर: आवाज ब्लोअरच्या वेगाबरोबर वाढतो-कमी होतो. दुसरं इंजिन: अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आवाज चढतो. तिसऱ्या झडपा: बटण फिरवल्यावर काही सेकंदच आवाज येतो आणि थांबतो. चौथा रस्ता: वळण, ब्रेक, खड्डा आला की आवाज. यांतल्या कुणाचंही न ऐकणारा आवाज असला तर तो बहुधा गॅसचा किंवा पुढच्या पंख्याचा.

मराठीत आवाजाला शब्दांची ददात नाही, त्यांचा उपयोग करा. टिकटिक, टकटक, खडखड, खरखर, घरघर, किर्र, चीं, सूं, फुस्स, खळखळ हे वेगवेगळे आवाज आहेत आणि वेगवेगळ्या भागांतून येतात. "काहीतरी वाजतंय" एवढंच सांगितलं तर मेस्त्रीने अंदाजच बांधायचा. "एसी लावला की टक् होतं आणि त्याच्यामागून घरघर लागते" म्हटलं की त्याचं निम्मं काम झालं.

तपासणीची तयारी

गाडी मोकळ्या जागी, सपाटीला उभी करा. बंद गॅरेजात इंजिन चालवत बसू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. रेडिओ बंद, काचा वर. आवाज गाडी थंड असताना येतो की तापल्यावर, हे आठवून ठेवा आणि तपासणीही त्याच वेळी करा. सकाळी येणारा आवाज दुपारी शोधून सापडत नाही.

बॉनेटखाली वाकायचं असेल तर ओढणी, उपरणं, सैल बाही, गळ्यातली साखळी दूर ठेवा. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, तो इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. एसीच्या नळ्यांचे जोड कधीही सैल करू नका. आत दाब मोठा असतो, निसटलेला द्रव गॅस कातडीवर पडला तर हिमदाह होतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो, त्याच्या केबल नारिंगी असतात. तिथे बाहेरून ऐकणं एवढंच आपलं काम. अशी गाडी उभ्या-उभ्या चार्ज होत असताना कॉम्प्रेसर गुणगुणला तर तो बिघाड नव्हे, बॅटरी गार ठेवायला तो चालतो.

इंजिन बंद, नुसता ब्लोअर

किल्ली इग्निशनवर आणा, इंजिन सुरू करू नका. ब्लोअर एक, दोन, तीन, चार असा चढवत न्या. प्रत्येक वेगावर दहा सेकंद ऐका. बॅटरी उतरू नये म्हणून हे दोन-तीन मिनिटांत उरकायचं. इंजिन बंद असतानाही आवाज आला तर कॉम्प्रेसर, बेल्ट, पुली या सगळ्यांची सुटका झाली. ही एकच पायरी किती पैसे वाचवते ते सांगायला नको.

फडफड किंवा खडखड होत असेल तर ब्लोअरच्या पिंजऱ्यात काहीतरी शिरलं आहे. गोव्यात हे फार होतं. काचेखाली, वायपरच्या बुडाशी जी जाळी असते तिथूनच एसी बाहेरची हवा घेतो. केरी, मोरजी, मिरामारला सुरूच्या झाडांखाली सावली बघून गाडी लावली की सुरूच्या सुया त्या जाळीतून सहज आत उतरतात, कारण त्या बारीक आणि लांब असतात. काजू-आंब्याला मोहोर येतो तेव्हा त्याचा भुगा, उन्हाळ्यात वाळकी पानं. मी एकदा केरीहून परतताना फर्रर्र असा आवाज ऐकला, घरी येऊन ब्लोअर उतरवला तर आत मूठभर सुया. काडी-पानाची खूण अशी की आवाज एकसारखा नसतो: मध्येच थांबतो, वळणावर बदलतो, कधी मोठ्या वेगावर कमी होतो.

पावसाळ्यात उंदीर हा दुसरा पाहुणा. उभ्या गाडीच्या ब्लोअरमध्ये त्याला कोरडी ऊब मिळते. चिंध्या, कापूस, काजूची टरफलं असं काहीही आत सापडतं, आणि व्हेंटमधून कुजका वास येतो. असं वाटलं तर ब्लोअर मोठ्या वेगावर लावू नका, घाण सगळ्या गाडीत उडते. लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मुतातून पसरतो, म्हणून हातमोजे आणि मास्क घालून, आधी जंतुनाशकाने भिजवून मगच साफ करा. कोरडं झाडू नका.

बऱ्याच छोट्या गाड्यांत ब्लोअर डावीकडे ग्लव्ह बॉक्सच्या खाली, दोन-तीन स्क्रूवर टांगलेला असतो. किल्ली काढा, विजेचा जोड सोडवा, स्क्रू काढा, ब्लोअर खाली येतो. पिंजरा हाताने फिरवून बघा. तो घासत असेल, डुगडुगत असेल, एखादं पातं तुटलेलं असेल तर दिसेलच. पिंजऱ्याच्या पात्यावर चिमट्यासारखी छोटी पत्री दिसली तर काढू नका, ती तोल साधण्यासाठी मुद्दाम बसवलेली असते.

किर्र-किर्र असा सुका आवाज, विशेषतः कमी वेगावर आणि सकाळी, म्हणजे मोटरचा बुश सुकला. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब काही आठवडे काढून देतो, त्यापुढे मोटर बदलण्याची तयारी ठेवा. गंज सोडवायचा स्प्रे तिथे मारू नका, उरलंसुरलं वंगण त्याने धुऊन जातं.

शीळ ऐकू येत असेल तर हवेची वाट अरुंद झाली आहे. आता 'आतली हवा' हे बटण दाबा. शीळ थांबली तर बाहेरची जाळी तुंबली. तरीही राहिली तर संशय केबिन फिल्टरवर. तो काढून एक मिनिट ब्लोअर चालवला की खात्री पटते. उसगाव, कोडली किंवा डिचोलीच्या खनिज वाहतुकीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर तांबड्या मातीने विटेसारखा झालेला मी पाहिला आहे. पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरची वाट बघू नका. मी चवथीनंतर एकदा आणि शिगम्यानंतर एकदा फिल्टर काढून बघतोच. नवा बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवा.

'आतली हवा' लावल्यावर ब्लोअरचा नुसता सूं वाढला तर घाबरू नका. हवा ओढणारं तोंड त्या वेळी केबिनमध्येच उघडतं, म्हणून तो जास्त ऐकू येतो. सगळ्या गाड्यांत तसंच असतं.

टिकटिक म्हणजे झडप

इंजिन अजून बंदच. ब्लोअर सगळ्यात कमी ठेवा. आता तापमानाचं बटण गारापासून गरमापर्यंत नेऊन परत आणा. थांबा, ऐका. मग हवेची दिशा बदला: तोंड, पाय, काच. परत थांबा. मग आतली-बाहेरची हवा. एका वेळी एकच बटण, आणि प्रत्येक बटणानंतर वीस सेकंद. लोक घाईने सगळी बटणं एकदम फिरवतात आणि मग काहीच कळत नाही.

डॅशबोर्डच्या मागून घड्याळासारखी टिकटिक किंवा टक-टक-टक आली आणि काही सेकंदांत थांबली, तर त्या झडपेच्या छोट्या मोटरचे, म्हणजे अ‍ॅक्च्युएटरचे, प्लास्टिकचे दात तुटले आहेत. मोटर फिरते, दात घसरतो, परत पकडतो, परत घसरतो. ज्या बटणाने टिकटिक सुरू झाली तोच अ‍ॅक्च्युएटर. तापमानाच्या बटणाने वाजला तर तापमानाचा, दिशेच्या बटणाने वाजला तर दिशेचा. ऑटोमॅटिक एसीच्या गाडीत संगणक स्वतःच झडपा हलवतो, म्हणून गाडी चालू करताना किंवा बंद केल्यावरही टिकटिक ऐकू येते.

काही गाड्यांत बॅटरीची उणे तार दहा मिनिटं काढून परत जोडली की झडपा आपली टोकं नव्याने ओळखून घेतात आणि टिकटिक थांबते. करून बघायला हरकत नाही, मात्र घड्याळ आणि खिडक्यांचं ऑटो परत लावावं लागेल, आणि रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. दात खरंच तुटले असतील तर आवाज दोन दिवसांत परत येतो. तेव्हा तो एक अ‍ॅक्च्युएटरच बदलायचा. "पूर्ण एसी युनिट उतरवावं लागेल" असं कुणी म्हटलं तर कोणता अ‍ॅक्च्युएटर आणि तो कुठे बसतो हे विचारा. काही गाड्यांत तो खरोखर अवघड जागी असतो, पण पुष्कळ गाड्यांत ग्लव्ह बॉक्स काढला की हाताला लागतो.

साध्या, हाताने फिरवायच्या नॉबच्या गाड्यांत काही झडपांना मोटर नसतेच, केबल असते. तिथे टिकटिक होत नाही, नॉब जड होतो किंवा एकदम हलका पडतो.

इंजिन चालू, एसी बंद

इथेच माझे २७ हजार वाचले, म्हणून या पायरीवर माझा जीव आहे.

ब्लोअर बंद, एसी बंद, इंजिन सुरू. एक मिनिट ऐका. मग अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबत इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांपर्यंत चढवा. घरघर, खरखर किंवा चीं आताच येत असेल तर एसी लावण्याआधीच दोष हजर आहे. कॉम्प्रेसरच्या पोटातला हा दोष नव्हे. पुलीला कॉम्प्रेसरच्या आतल्या भागाशी जोडणारा-सोडणारा क्लच असेल, तर एसी बंद असताना फक्त पुली फिरते, आतला भाग थांबलेला असतो. मग आवाज पुलीच्या बेअरिंगचा, किंवा त्याच बेल्टवर असलेल्या अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणारा), वॉटर पंपाचा, आयडलरचा (बेल्टला वाट देणारी पुली) किंवा टेन्शनरचा (बेल्ट ताणून धरणारी पुली). हे बेअरिंग एसी लावल्यावरही वाजतच राहतं, फक्त ताण बदलल्याने सूर थोडा वर-खाली होतो. तेवढ्यावरून कुणी कॉम्प्रेसर बदलायला निघाला तर थांबवा.

पाचांतलं नेमकं कोण, हे मेस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरने शोधतो: टोक स्थिर भागावर, मूठ कानामागच्या हाडाला. डॉक्टरच्या नळीसारखी यांत्रिक नळीही मिळते. फिरत्या पुलीला किंवा बेल्टला टोक लावायचं नाही, हे सांगूनही लोक लावतात, म्हणून बेल्टच्या बाजूला सवय नसलेल्याने जाऊच नये. बेल्ट उतरवून प्रत्येक पुली हाताने फिरवणं ही खात्रीची परीक्षा. चांगली पुली गुळगुळीत आणि गप्प फिरते. वाईट पुलीत वाळू असल्यासारखी बोटांना कळते.

चीं असा कर्कश आवाज येत असेल तर बेल्टवर पाण्याचा हलका फवारा मारून बघता येतो. आवाज क्षणभर थांबून परत आला तर बहुधा पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज उलट वाढला तर बेल्ट सैल आहे, घसरतो आहे. पावसाळ्यात पहिल्या पाच मिनिटांपुरता चीं होऊन थांबणारा बेल्टही चकाकलेला आणि म्हातारा असू शकतो. वळवून बघा, आडव्या भेगा दिसल्या तर बदला.

पुलीच्या बेअरिंगचा आवाज "फक्त आवाजच तर आहे" म्हणून महिनोन्महिने सहन करू नका. बेअरिंग अडकलं तर बेल्ट तुटतो. त्याच बेल्टवर अल्टरनेटर असतो, बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही असतो. चोर्ला किंवा अनमोडच्या घाटात बेल्ट तुटून इंजिन तापलं तर मदत यायला किती वेळ लागतो, हे तिथे अडकलेल्याला विचारा.

एसीचं बटण दाबल्यावर

आता एसी लावा, ब्लोअर एकवर. बॉनेटकडून 'टक्' असा आवाज येईल. तो क्लच पकडल्याचा आवाज, तो हवाच. त्यानंतर इंजिनचा सूर किंचित बदलतो, पुढचा पंखा घों करत फिरू लागतो. हेही ठीक. एसी बंद करा, अर्धा मिनिट थांबा, परत लावा. असं पाच-सहा वेळा. टक् नंतरच जे नवं येतं तेवढंच टिपायचं.

टक् नंतर घरघर किंवा दगड दळल्यासारखा आवाज, इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारा, आणि एसी बंद करताच गायब: हा कॉम्प्रेसरच्या आतला आवाज. इथे मात्र विलंब महाग पडतो. एसी बंद करा आणि गाडी दाखवेपर्यंत लावू नका. आतले भाग घासले की धातूचा चुरा तेलाबरोबर कंडेन्सर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये जातो. नुसता नवा कॉम्प्रेसर बसवला तर तोच चुरा फिरून त्यालाही खातो. म्हणून असा कॉम्प्रेसर बदलताना ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नवे बसवायचे, नळ्या धुवायच्या. आजच्या कंडेन्सरच्या वाटा इतक्या बारीक असतात की चुरा धुऊन निघत नाही, म्हणून पुष्कळदा तोही बदलावा लागतो. यादी लांबली म्हणून फसवणूकच असेल असं नाही. उलट, चुरा सापडूनही फक्त कॉम्प्रेसर बदलतो म्हणणाऱ्याला मी प्रश्न विचारीन.

टक्-टक्-टक् असं दर चार-पाच सेकंदांनी क्लच पकडत-सोडत असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. टक् नंतर चीं आणि तापल्यावर गारवा नाहीसा, तर क्लचच्या दोन चकत्यांमधली फट वाढली आहे. ती साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते आणि बऱ्याच क्लचमध्ये पातळ चकती काढून परत जमवता येते. मेस्त्रीला फट मोजली का हे विचारा, त्यात काही चुकीचं नाही.

गाडी दहा-पंधरा दिवस उभी होती आणि पहिल्यांदा एसी लावल्यावर दोन-चार सेकंद ठकठक होऊन थांबली, तर कॉम्प्रेसरमध्ये साचलेला द्रव गॅस बाहेर फेकला जात असतो. वारंवार नसेल तर काळजी नको. उभी गाडी आठवड्यातून एकदा पाच मिनिटं एसी लावून ठेवली तर हे टळतं आणि शाफ्टच्या सीलला तेलही मिळतं.

क्लच नसलेले कॉम्प्रेसरही आता अनेक गाड्यांत येतात. त्यांत टक् होतच नाही आणि आतला भाग कायम फिरतो, म्हणून 'एसी बंद केल्यावर आवाज गेला की नाही' ही परीक्षा तितकी खात्रीची राहत नाही. तुमच्या गाडीत कोणता आहे ते आधी विचारून घ्या.

पुढचा पंखा घरघरत असेल तर तो कॉम्प्रेसर समजला जातो. फरक साधा: पंख्याचा आवाज अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी तोच राहतो. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी पंख्याच्या मोटरकडे आणि कंडेन्सरच्या जाळीकडे दरवर्षी बघावं, खारी हवा दोन्हींना गंजवते.

सूं आणि फुस्स

एसी बंद केल्यावर डॅशबोर्डमागून काही सेकंद सूं ऐकू येतो. दोन बाजूंचा दाब सारखा होत असतो. हा आवाज निरोगी आहे. एसी चालू असताना सतत फुसफुस, आणि गारवाही कमी, तर गॅस कमी असू शकतो: एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी नुसता द्रव यायला हवा, तिथे बुडबुडे येतात आणि ते वाजतात.

मग गॅसचा दाब मोजणारे गेज लावून घ्या, आणि काटे स्वतः बघा. इंजिन बंद असून गाडी निवालेली असेल, हवा ३० अंश असेल, तर दोन्ही काटे साधारण ९५ ते १०० पीएसआयवर दिसतात. यावरून गॅस पुरेसा आहे असं कुणी म्हटलं तर मानू नका. आत थोडासा द्रव गॅस उरला असेल तोवर हा आकडा तापमानावर ठरतो, किती गॅस आहे यावर नाही. एसी चालू असताना आपल्या हवेत कमी दाबाचा काटा साधारण ३० ते ४५ आणि जास्त दाबाचा २०० ते २५० च्या दरम्यान असावा. दोन्ही खाली असतील तर गॅस कमी. दोन्ही फार वर असतील तर गॅस जास्त भरलाय किंवा कंडेन्सर निवत नाही. जास्त गॅसनेही कॉम्प्रेसर कण्हल्यासारखा हुंकारतो, आणि हे 'थोडा गॅस टाकून देतो' याच सवयीतून होतं. गॅस किती ग्रॅम हे बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. भरायचा तर आधीचा पूर्ण काढून, व्हॅक्यूम करून, वजन करून. आणि कमी झाला म्हणजे गळती आहे. गळती न शोधता भरलेला गॅस परत जाणारच.

खळखळ

जूनपासून सप्टेंबरपर्यंत मला सर्वांत जास्त विचारला जाणारा आवाज हाच. वळणावर, ब्रेकला, डॅशबोर्डच्या आत कळशी डचमळल्यासारखी खळखळ. कधी डाव्या सीटपुढचा गालिचा ओला. माझ्या आईच्या चपला भिजल्या तेव्हा मलाही वाटलं होतं की काचेतून पाऊस आत येतो आहे.

थंड कॉइलवर हवेतली वाफ दव होऊन बसते. आपल्या दमट हवेत ते पाणी भरपूर असतं आणि ते रबरी ड्रेन पाइपमधून गाडीखाली गळतं. हा पाइप तांबड्या चिखलाने, पानाच्या तुकड्याने, कधी कुंभारीण माशीने आत बांधलेल्या मातीच्या घरट्याने तुंबतो. मग पाणी कॉइलच्या तळात साचतं आणि गाडीबरोबर हिंदकळतं.

परीक्षा सोपी. कोरड्या जमिनीवर गाडी उभी करून पंधरा मिनिटं एसी चालवा. खाली थेंब पडून छोटं थारोळं व्हायला हवं. गोव्याच्या पावसाळी हवेत ते झालं नाही तर पाइप तुंबला. त्याचं टोक बहुतेक गाड्यांत इंजिनामागच्या पत्र्यातून खाली निघालेलं असतं. टोक दाबून मोकळं करा, किंवा खालून हलकी हवा मारून घ्या. तार खुपसू नका. तार कॉइलला लागली तर गॅस जातो आणि शंभर रुपयांचं काम डॅशबोर्ड उतरवण्यावर येतं. पाइप मोकळा झाला की पाणी भसकन बाहेर येतं, म्हणून थेट खाली तोंड करून झोपू नका. ओला गालिचा उचलून खालचा फोम वाळवा, नाहीतर महिनाभर कुबट वास राहील.

दुसरीही एक खळखळ आहे आणि ती वेगळी ओळखलीच पाहिजे. इंजिन सुरू केल्यावर किंवा अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर, एसी बंद असतानाही, डॅशबोर्डमागे बुडबुड्यांचा आवाज येत असेल तर हीटरच्या कॉइलमध्ये कूलंटऐवजी (इंजिन गार ठेवणारा द्रव) हवा शिरली आहे. म्हणजे कूलंट कुठून तरी कमी होतं आहे. इंजिन पूर्ण थंड असताना टाकीतली पातळी किमान-कमाल खुणांमध्ये आहे का बघा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. केबिनमध्ये गोडसर वास आणि काचेवर तेलकट धुकं असेल तर हीटर कॉइलच गळते आहे. या खळखळीला एसीवाल्याकडे नेऊन उपयोग नाही, इंजिन बघणाऱ्याकडे न्या, आणि लवकर न्या. तापमानाचा काटा चढत असेल तर गाडी चालवूच नका.

मेस्त्रीकडे जाताना

आवाज मोबाइलवर टिपून घ्या, आधी डॅशबोर्डजवळ, मग बॉनेट उघडून सुरक्षित अंतरावरून, आणि टिपताना तोंडाने बोला: "एसी बंद... आता चालू केला... आता २००० फेऱ्या." गॅरेजमध्ये नेल्यावर गाडी हमखास गप्प बसते, तेव्हा हेच कामाला येतं. शक्य असेल तर मेस्त्रींना शेजारी बसवून एक फेरी मारा.

निदान तुम्ही सांगू नका, निरीक्षण सांगा. "बेअरिंग बदला" असं नव्हे, तर "एसी बंद असतानाही घरघर येते, इंजिनबरोबर वाढते, ब्लोअरने फरक पडत नाही." भाग बदलला तर जुना मागून घ्या. काम झाल्यावर पैसे देण्याआधी याच क्रमाने परत एकदा ऐका: इंजिन बंद ठेवून ब्लोअर, मग एकेक बटण, मग इंजिन, मग एसी. शेवटी गाडी पंधरा मिनिटं एसीवर उभी ठेवा आणि खाली वाकून पाणी गळतंय का बघा.